फ्लॅट आत्ता विकू नका, आणि राजीनामा तर मुळीच नको

कोथरूडहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या यजमानांना, वय ५४, तीन आठवड्यांपूर्वी जठराचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी आधी किमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा किमो असं सांगितलं आहे. यजमान चाकणच्या एका कंपनीत नोकरीला, कंपनीचा आरोग्य विमा ५ लाखांचा. एफडी ९ लाख, म्युच्युअल फंड ६ लाख, नऊ वर्षं जुन्या पीपीएफमध्ये ११ लाख. मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. शिवाय २०१४ मध्ये घेतलेला धायरीचा वन बीएचके, १३ हजारांनी भाड्याने दिलेला. एजंटकडे ३६ लाखांचं गिऱ्हाईक आहे, व्यवहार पंधरा दिवसांत करायचा म्हणतो. त्याच सोसायटीत तसाच फ्लॅट ४२ लाखांना गेला. ताई विचारतात, ‘विकून मोकळं व्हावं का? हे राजीनामाही द्यायचा म्हणतात, ऑफिसात कुणाला कळायला नको म्हणून. घरीसुद्धा आम्ही दोघं सोडून कुणाला माहीत नाही.’

ताई, पत्रात तुम्ही दोनदा लिहिलंय, ‘पैसे हाताशी असले की धीर येईल.’ ते मला पटतं. पण हाताशी किती लागतील आणि कधी, हे आधी बघू.

या आजाराचं बिल एकरकमी येत नाही. जठराच्या कॅन्सरला हल्ली पुष्कळदा ‘फ्लॉट’ नावाची किमो देतात. ती दर दोन आठवड्यांनी असते, ऑपरेशनआधी चार वेळा आणि नंतर चार वेळा. मधले सावरायचे आठवडे धरले तर सहा-सात महिने सहज जातात. यजमानांना हीच देणार की दुसरी, ते डॉक्टर ठरवतील, पण तुम्हाला सांगितलेला क्रम याच धर्तीचा आहे. हॉस्पिटलच्या बिलिंग विभागाकडून तीन टप्प्यांचा वेगवेगळा अंदाज लेखी मागा. तो हातात नसताना फ्लॅट विकायचा म्हणजे किती खर्च आहे हेच माहीत नसताना ६ लाख सोडून द्यायचे. वर दीर्घकालीन नफ्यावरचा कर आहेच, आणि दरमहा येणारे १३ हजारही बंद.

तुमच्याकडे विम्याव्यतिरिक्त १५ लाख असे आहेत की आठवड्याभरात खात्यात येतील. एफडी एकच मोठी असेल तर बँकेला विचारा, काही बँका हवी तेवढीच रक्कम मोडून देतात. त्यानंतर फंड. पीपीएफ सगळ्यात शेवटी, तेही खातं बंद न करता, कारण नऊ वर्षं झालेल्या खात्यातून काही रक्कम तशीही काढता येते. फ्लॅट त्याच्याही मागे.

आता राजीनामा. इथे मी जरा कडक बोलणार आहे. कंपनीचा विमा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की तो गेला, आणि कॅन्सरचं निदान झालेल्या माणसाला नवी पॉलिसी मिळणं महाकठीण. यजमान थकतील, रजा लागेल, कदाचित बिनपगारीही. ती घ्या, पण नाव हजेरीपटावर राहू द्या. एचआरला एक ईमेल करून विचारा, बिनपगारी रजेत कव्हर चालू राहतं का, आणि पॉलिसीचं नूतनीकरण कोणत्या तारखेला आहे. ही तारीख महत्त्वाची. ग्रुप पॉलिसी बहुधा वर्षाची असते, म्हणजे ऑपरेशननंतरची किमो नव्या वर्षात गेली तर पुन्हा पूर्ण ५ लाख मिळू शकतात. अर्थात त्यासाठी उपचार एक दिवसही पुढे ढकलायचा नाही.

रेशनकार्ड शोधून ठेवा, पांढरं असलं तरी. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता सगळ्या शिधापत्रिकाधारकांना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. फक्त योजनेतल्या रुग्णालयात आणि ठरलेल्या उपचारांनाच ती लागू होते. तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाला, दाखल होण्याआधी भेटा, नंतर नाही.

निदानाआधीची बिलंही जपा. बऱ्याच पॉलिसींत दाखल होण्याआधीच्या ३० दिवसांचा तपासण्यांचा खर्च मिळतो, तुमची एंडोस्कोपी आणि बायोप्सी त्यात बसू शकते. माझ्या वडिलांच्या आजारपणात मी ही बिलं औषधांच्या पिशवीबरोबर टाकून दिली होती. लोकांना सल्ला देणारा माणूस मी! यजमानांची टर्म पॉलिसी असेल तर तिचा हप्ता या धावपळीत चुकणार नाही असं बघा. आणि एफडी, बँक खाती त्यांच्या एकट्याच्या नावावर असतील तर पहिल्या किमोआधी बँकेत जाऊन तुमचं नाव लावून घ्या. यात अशुभ काही नाही, ऑपरेशनच्या दिवशी सही कोण करणार एवढाच प्रश्न आहे.

कुणाला सांगायचं नाही, हे मला पैशांपेक्षा जास्त खटकलं. गुप्तता महाग पडते. क्लेमच्या फाइलमागे धावणं, टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेला) फोन करणं, दर पंधरा दिवसांनी दिवसभर किमोच्या खुर्चीशेजारी बसणं, हे सगळं तुम्ही एकट्या करणार का? जठर काढल्यावर, पूर्ण असो की काही भाग, माणूस दिवसातून सहा-आठ वेळा थोडंथोडं खातो, पूर्ण काढलं तर बी-१२ ची इंजेक्शनं कायमची. म्हणजे स्वयंपाकघरात एक हात जास्तीचा लागणार, त्याचे पैसे अंदाजात धरा. आणि भाऊ, नणंद, भाचा, ज्याच्यावर विश्वास आहे अशा एकाला या रविवारी घरी बोलवा. सगळ्या गावाला नको.

वारजे तुमच्या घराजवळच. तिथलं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांसाठी मोफत काम करतंय. पॅलिएटिव्ह म्हणजे आजाराचा त्रास हलका करणारी शुश्रूषा. नाव ऐकून दचकू नका, तिथे फक्त शेवटचे दिवस मोजणारेच जातात असं नाही. उपचार चालू असताना दुखणं, मळमळ, खाणं यासाठी आणि घरच्यांना बोलायलाही जाता येतं. परळच्या टाटा हॉस्पिटलचं दुसरं मत घ्यायचं ठरलं, तर रेल्वेत कॅन्सर रुग्णाला आणि सोबत्याला एसी चेअर कारमध्ये ७५ टक्के सवलत आहे, हॉस्पिटलचा दाखला लागतो.

एजंटला उद्या एवढंच सांगा की भाडेकरूचा करार संपेपर्यंत विचार नाही. कारण सांगायची गरज नाही. ऑपरेशननंतर दुसरा अंदाज हातात आला की तो आणि उरलेल्या पैशांचा हिशेब मला पाठवा. तेव्हा फ्लॅट विकायचा ठरलाच तर सावकाश विकू, ४२ च्या आसपास.