अपोफिस बघायचाय? आधी तारे ओळख

भावा, दुर्बीण घेतलीस, झकास. पण कोल्हापूरच्या रंकाळ्यावर उभा राहून अपोफिससारखा लघुग्रह (सूर्याभोवती फिरणारा खडकाळ तुकडा) शोधू नकोस, तिथल्या दिव्यांत काही गावणार नाही. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर जा, स्वेटर घेऊन.

लघुग्रह दुर्बिणीतही ताऱ्यासारखा ठिपकाच दिसतो. म्हणून आजूबाजूच्या ताऱ्यांचं चित्र वहीत काढ, तासाभरानं परत काढ. जो सरकला तो आपला. मी पहिल्यांदा चित्र काढायचा कंटाळा केला आणि रात्रभर एका साध्या ताऱ्याकडं टक लावून बसलो!

ध्येय अपोफिसचं ठेव. १३ एप्रिल २०२९ ला (आपल्याकडं तेव्हा १४ ची पहाट) तो जमिनीपासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल. तुझ्या गच्चीवरची डिश ज्या उपग्रहाकडं तोंड करून बसलीय, तो त्याहून लांब, जवळपास ३६,००० वर आहे. धडकणार म्हणून कुणी घाबरवलं तर हसून सोड. पुढची शंभर वर्षं तरी तो धोका नाही.

खरी गंमत कक्षेची. आज तो सुमारे ३२४ दिवसांत सूर्याला फेरी घालतो. पृथ्वीच्या ओढीनं कक्षा मोठी होईल आणि फेरीला वर्षाहून जास्त लागेल. एका भेटीत वर्षच बदललं त्याचं!