डोळा शिकायचाय? आधी बकऱ्याचा आण

पोरी, आकृती पाठ करत बसू नको. बाजाराच्या दिवशी मटणवाल्याकडून बकऱ्याचा ताजा डोळा माग, हातमोजे घाल आणि ओसरीतल्या उजेडात नव्या ब्लेडनं सावकाश काप. आतलं भिंग अलगद काढून पेपरावर ठेव, अक्षरं मोठी दिसतील. मोतीबिंदू याच भिंगात होतो. शिबिरातल्या आज्या ‘डोळ्यावर पडदा आला’ म्हणतात, पण तू बुबुळावर शोधू नको. बकऱ्याच्या डोळ्यात आत मागं दिसणारी निळी-हिरवी चमक मात्र माणसात नसते.

नवखे हमखास चुकतात ते इथं:

- सगळा प्रकाश भिंगच वळवतं असं धरतात. जवळपास दोन तृतीयांश काम पुढचं पारपटल (डोळ्याच्या पुढचा पारदर्शक थर, कॉर्निया) करतं.
- ‘उजवा डोळा डाव्या मेंदूकडे’ असं लिहितात. मेंदूच्या पलीकडच्या बाजूला जातात ते प्रत्येक दृष्टिपटलाच्या (डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या) नाकाकडच्या अर्ध्या भागातले तंतू, बाकीचे आपल्याच बाजूला राहतात. उजवीकडचा प्रकाश दोन्ही पडद्यांच्या डाव्या अर्ध्यावर पडतो, आणि तिथले तंतू डाव्या मेंदूत जातात. म्हणून डाव्या मेंदूत मागच्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली, तर दोन्ही डोळ्यांना उजवीकडचं दिसेनासं होतं. माणूस चालताना उजव्या चौकटीला धडकतो आणि घरचे म्हणतात, चष्म्याचा नंबर वाढला.

हा मार्ग दोन रंगांच्या खडूनं पाटीवर काढ. दहादा काढ. थॅलॅमस (वाटेतला मेंदूतला टप्पा) वगैरे सध्या राहू दे. जमेल तुला, अडलं तर पाटी घेऊन ये.