"मुद्दाम करतात हो!"

डोक्याला मार लागलेला माणूस हॉस्पिटलमधून घरी येतो, चालू-बोलू लागतो, पण कपड्यात लघवी होत राहते. मग घरचे माझ्यासमोर आवाज खाली आणून तेच सांगतात: मुद्दाम करतात.

या बाईही तेच म्हणाल्या. नवरा शेजारीच, मान खाली. "दर थोड्या वेळाने विचारते, जायचंय का? नाही म्हणतात. आणि दोन मिनिटांत पँट ओली!"

"तेव्हा नव्हती लागली," ते पुटपुटले. "लागते ती एकदमच."

सुरुवातीच्या भेटी बाईंचा राग ऐकण्यातच गेल्या. तो निघाल्याशिवाय पुढचं कानात शिरत नाही, असं माझं ठाम मत. मग नवऱ्याचं 'लागते ती एकदमच' हे वाक्य मी पुन्हा पुढे ठेवलं. मूत्राशय भरत आल्याची वर्दी मेंदूच्या पुढच्या भागाला मिळते आणि तो 'थांब जरा' म्हणून धरून ठेवतो. तिथेच इजा झाली, की अर्धवट भरलेलं मूत्राशयही आवळू लागतं. कळ आणि लघवी जवळजवळ एकाच वेळी. नवरा खरंच सांगत होता!

"मग विचारूच नको?"

"घड्याळाला विचारा. दर दोन तासांनी नुसतं 'चला' म्हणा."

बाई वळल्या. "हे आधी बोलायचं ना!"

"बोललो की. तू म्हणालीस, बहाणे करू नका."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच दोघं माझ्यासमोर हसले. माणसाच्या मागे लागू नये, त्याचा दिवस बदलावा, हा माझा जुना हट्ट. इथे तो फळला, हे सांगताना बरं वाटतं.

कधी प्यायले, कधी गेले, कधी भिजले, एवढं वहीत लिहा. कपडे कोरडे राहू लागले की अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवा. पाणी तोडू नका. दाट लघवीने मूत्राशय जास्तच चाळवतं. चहा-कॉफी मात्र कमी करा, झोपण्याआधीचे दोन-तीन तास पाणी बेताचं. बद्धकोष्ठता असेल तर ती आधी हटवा. नाडी-बटणांऐवजी इलॅस्टिक बरं.

हे सगळं डॉक्टरांना दाखवल्यावर. संसर्ग आहे का, लघवी झाल्यावर आत किती उरते, हे पाहावं लागतं. कधीकधी मूत्राशय रिकामंच होत नाही आणि वरचं तेवढं सांडतं. मूत्राशय शांत करणाऱ्या काही गोळ्यांनी विसरभोळेपणा वाढतो, म्हणून मेंदूच्या इजेबद्दल आवर्जून सांगा. आणि सुधारलेलं पुन्हा बिघडलं, सोबत चाल अडखळू लागली, विसरणं वाढलं, तर माझ्या पुढच्या भेटीची वाट पाहू नका. डोक्यात पाणी साठत असू शकतं. त्याच दिवशी न्यूरोसर्जनना गाठा.