वडाभात कमी तेलात जमतो, फोडणी तेवढी सोडू नका

लहानपणी घरी आवडीने खाल्लेला तेलकट पदार्थ कमी तेलात करून पाहिलाय का आणि चव तीच राहते का, असं तुम्ही विचारलंय. मी वडाभात केलाय, आणि बऱ्याचदा केलाय.

आम्ही मूळ अमरावतीचे, आता पुण्यात. इकडे वडाभात म्हटलं की लोकांना बटाटावडा वाटतो म्हणून सांगते, हे मिश्र डाळींचे जाडसर वाटलेले वडे, गरम भातावर कुस्करायचे, वरून मोहरी, हिंग, लाल मिरचीची कडकडीत फोडणी आणि सोबत कढी. आजी वडा मुठीत धरून भातावर चुरायची आणि पळीने फल्लीचं (म्हणजे शेंगदाण्याचं) तेल ओतायची, मिरची अजून तडतडत असायची आणि हिंगाचा वास थेट अंगणापर्यंत यायचा.

बाबांची अँजिओप्लास्टी झाली आणि तळलेलं बंद झालं. नंतर एकदा घरी वडाभात केला तर ते एक शब्द न बोलता नुसता कढीभात खाऊन उठले, मला ते बघवलं नाही.

आधी वडे वाफवून पाहिले. चव वाईट नव्हती पण तो गोळाभात झाला, आमच्याकडे तो वेगळा पदार्थच आहे. एअर फ्रायरमध्ये केले तर बाहेरून कडक आणि आतून कोरडे, कुस्करल्यावर भाताला धरेनातच. शेवटी आप्पेपात्रात जमले. चणाडाळ १ वाटी, तूर आणि सालाची मूग अर्धी अर्धी वाटी, उडीद पाव वाटी, हे ५ तास भिजवायचं आणि चाळणीत अगदी पूर्ण निथळायचं. वाटताना पाण्याचा थेंब घालायचा नाही, मूठभर भिजलेली डाळ अख्खीच बाजूला ठेवून शेवटी मिसळायची, कारण दाताखाली ते दाणे आलेच पाहिजेत. हिरवी मिरची, लसूण, जिरं, भरपूर सांबार (म्हणजे कोथिंबीर हो), मीठ मात्र अगदी करायच्या वेळी, नाहीतर पाणी सुटतं. सोडा नको. प्रत्येक खळग्यात तेलाचे ४-५ थेंब, मंद आचेवर ५ मिनिटं झाकण ठेवून, मग उलटवून झाकण न ठेवता खरपूस होईपर्यंत.

मी एकदा कढईतलं तेल तळायच्या आधी आणि नंतर मोजलं होतं, एवढ्याच वड्यांना जवळपास अर्धी वाटी गेलं होतं. आप्पेपात्रात २-३ चमचे लागतात.

आणि हे वाचवलेलं तेल थोडं फोडणीवर खर्च करा, हे मी मनापासून सांगतेय. मी सुरुवातीला फोडणीही जेमतेम अर्ध्या चमच्याची केली आणि सगळं बेचव झालं, तेव्हा कळलं की या पदार्थाची चव तळणीत कमी आणि हिंग-मिरची उतरलेल्या त्या तेलात जास्त आहे. आता माणशी १ मोठा चमचा धरते, म्हणजे साधारण १२० कॅलरी, आणि त्या दिवशी बाकी जेवणात तेल जवळजवळ नसतंच. तेल घाण्यावर काढलेलं घ्या, वासाचा फरक पडतो.

तळलेल्या वड्याचा तो कुरकुरीत काठ येत नाही, हे खरं आहे. पण पहिल्यांदा जमला तेव्हा बाबांनी वडा हातात घेऊन वास घेतला, आजीसारखाच मुठीत चुरला आणि म्हणाले, "फोडणी आण न इकडे."