विझर्ड, सॉर्सरर, वॉरलॉक: तिघंही जादूगारच का?

प्रश्न थोडक्यात असा होता, की मित्रमंडळींना डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखा कल्पित दुनियेतला रोल-प्लेइंग गेम मराठीतून खेळायचाय, पण डिक्शनरी उघडली तर विझर्ड, सॉर्सरर, वॉरलॉक तिघांच्याही पुढे जादूगारच लिहिलंय, क्लास, म्हणजे आपलं पात्र कुठल्या प्रकारचं ते, त्याला वर्ग, आणि एकूण प्रकार वाचून गुहेत ड्रॅगन मारायला निघालोय की दहावीच्या वर्गात बसलोय तेच कळत नाही. तर मराठीत म्हणायचं काय?

आधी डिक्शनरीची बाजू घेते. तिची फारशी चूक नाहीये, कारण इंग्रजीतसुद्धा हे तीन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जायचे आणि खुद्द या गेममध्येही तेच होतं. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी पहिली आवृत्ती काढली तेव्हा क्लास फक्त तीन होते: लढणारा, जादू वापरणारा आणि देवाधर्माचा माणूस, बस्स. वॉरलॉक, सॉर्सरर, विझर्ड ही त्या जादूवाल्याच्या पायऱ्यांची नावं होती, म्हणजे आठव्या लेव्हलला पोचलात की तुम्ही वॉरलॉक, नवव्याला सॉर्सरर आणि अकराव्याला विझर्ड. एकाच माणसाची बढती! सॉर्सरर वेगळा क्लास झाला तो २००० साली, वॉरलॉक आला २००४ च्या पुरवणीत आणि नियमांच्या मुख्य पुस्तकात शिरला २००८ ला. म्हणजे समानार्थी शब्द पडलेले होते, ते उचलून गेमवाल्यांनी प्रत्येकाला एकेक खोली देऊन टाकली. मग आपल्याला कोणी अडवलंय? शब्दाला शब्द शोधत बसू नका, या माणसाची ताकद येते कुठून ते बघा, आणि मग आपल्या जुन्या शब्दांपैकी कोणाला ती खोली द्यायची ते ठरवा.

जादूगार हा शब्द मी आधीच बाद करते. फारसी जादूगर, मराठीत आल्यावर शेपूट लांबून गार झालं, पण आज तो ऐकला की टोपीतून ससा काढणारा माणूसच दिसतो. तांत्रिक छान होता, पण 'तांत्रिक अडचणीमुळे' या दोन शब्दांनी त्याचा जीव घेतला, आता कोणी म्हणालं की आमच्या टीममध्ये एक तांत्रिक आहे तर लोक त्याला प्रिंटर दुरुस्त करायला सांगतील.

विझर्डला मांत्रिक म्हणा. गेममधला विझर्ड पोथ्या वाचून, घोकून जादू शिकतो, मांत्रिकाचंही तेच, मंत्र शिकावा लागतो, सिद्ध करावा लागतो, अक्षर चुकलं तर अंगाशी येतं. आणि गंमत म्हणजे विझर्ड हा मुळात वाइज म्हणजे शहाणा, त्याला अर्ड जोडून झालाय, तोच अर्ड जो ड्रंकर्डमध्ये आहे, आणि त्याला बहुतेक ठिकाणी कुत्सित वास असतो. म्हणजे विझर्डचं जवळात जवळचं मराठी दीडशहाणा होईल. तुमच्या टोळीतला विझर्ड फारच भाव खायला लागला तर हे त्याला नक्की सांगा.

आता सॉर्सरर. याची जादू शिकलेली नाही, जन्मतःच रक्तात आलेली, त्यालाही नीट आवरत नाही. इथे मला पायाळू सुचतो आणि या शब्दासाठी मी भांडायला तयार आहे. जन्मताना डोक्याऐवजी आधी पाय बाहेर आलेलं मूल ते पायाळू, आणि अशा माणसाला जमिनीखालचं धन दिसतं, वीज त्याच्याकडे ओढली जाते, अशी जुनी समजूत. काही शिकला नाही, काही केलं नाही, फक्त जन्मला आणि अंगात काहीतरी आलं, वर विजेचा धोकाही फुकटात! सॉर्सररचं मूळ लॅटिनमधल्या सॉर्स या शब्दात आहे, सॉर्स म्हणजे नशीब काढायची चिठ्ठी, आणि अशा चिठ्ठ्या टाकून भविष्य सांगणारा तो सॉर्सरर. पायाळूपणही शेवटी नशिबाची चिठ्ठीच की.

वॉरलॉक म्हणजे कुठल्या तरी भयंकर शक्तीशी करार करून तिच्या जोरावर जादू करणारा. त्याला अंकित म्हणावं असं मला वाटतं. अंक म्हणजे खूण, ज्याच्यावर कोणाची तरी खूण उमटलीय तो अंकित, त्यावरून ताबेदार, कह्यातला. 'वेताळाचा अंकित' म्हणून बघा, अंगावर काटा येतो की नाही? जुन्या इंग्रजीत वॉरलॉकचा अर्थ बरोब्बर उलटा होता, शपथ मोडणारा, दगाबाज, आणि आता तो शपथेला बांधलेला झालाय, तर ते असो. अडचण एकच, प्रत्येक ग्रुपमध्ये एक अंकित असतोच आणि त्याला हाच क्लास घ्यावा लागणार.

रोग (rogue) या क्लासबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. एक तर देवनागरीत रोग लिहिलं की पेशंट वाटतो. हा क्लास १९७५ ला चोर म्हणून आला होता आणि २००० मध्ये त्याचं नाव बदललं, कारण सगळेच काही चोऱ्या करत नाहीत, कोणी हेर असतो, कोणी कुलपं उघडण्यात पटाईत, कोणी नुसता बोलबच्चन. त्यामुळे चोर नको. भामटा हा शब्द पटकन तोंडावर येतो पण मी तो टाळते, कारण ते नुसतं विशेषण नाही, तो समाजाच्या नावातला शब्द आहे. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या होत्या, तो कायदा १९५२ मध्ये गेला पण शब्दांना चिकटलेलं अजून निघालेलं नाही, आणि आपल्याला मजेसाठी वापरायला दुसरे शब्द काही कमी नाहीत. हिकमती चालेल. पण माझं मत इरसालला. अरबीत इरसाल म्हणजे पाठवणं, तिथून मराठीत येईपर्यंत तो कसा कोण जाणे बेरकी, नमुनेदार, वस्ताद असा झाला, आणि त्यात शिवी अर्धी नि कौतुक अर्धं असतं. इंग्रजी रोगचंही असंच झालं, सोळाव्या शतकात तो भटक्या भिकाऱ्याला हिणवायचा शब्द होता, नंतर त्यात लाडिक खट्याळपणा आला. 'आमचा इरसाल पुढे जाऊन दार बघून येईल' हे वाक्य एकदा मोठ्याने म्हणून बघा.

बाकीच्यांचं भराभर. बार्डला शाहीरच, दुसरा शब्द शोधूच नका, लढाईत गाऊन लोकांना चेव आणायचा हे त्याचं कामच आहे (भाट नको, भाटगिरी म्हटलं की नुसती चमचेगिरी आठवते). फायटर लढवय्या. रेंजर, म्हणजे रानावनात माग काढणारा, तो वाटाड्या. क्लेरिकला भगत, कारण पुजारी पूजा करतो, पुरोहित दुसऱ्यासाठी विधी करतो, पण देवाची शक्ती ज्याच्या अंगातून काम करते आणि जो दुखणं उतरवतो तो भगत. पॅलाडिन हा मुळात राजवाड्यातला माणूस, रोमच्या पॅलेटाइन टेकडीवरून आलेलं नाव, पण गेममध्ये त्याची ओळख त्याच्या शपथेवरून, म्हणून व्रती. बार्बेरियन म्हणजे ज्याची भाषा ग्रीकांना नुसती बरबर ऐकू यायची तो. संस्कृतातला बर्बर त्याचाच भाऊबंद, पण मी त्याला आडदांड म्हणेन, रानटी म्हटलं की त्याच्या माणसांचा अपमान होतो, आडदांड म्हटलं की फक्त त्याचा होतो, आणि त्याला चालतं. ड्रुइड, म्हणजे निसर्गाच्या शक्तीने जादू करणारा, तसाच राहू दे.

राहिले ते मोठे शब्द. क्लासला पेशा म्हणा. वर्ग शाळेतला, आणि जात तर अजिबात नको, कारण इथे सगळी मजाच माणूस आपलं काम स्वतः निवडतो यात आहे. रेस म्हणजे पात्र माणूस आहे, एल्फ की ड्वार्फ ते, आणि तिचं तर २०२४ च्या नियमांच्या पुस्तकात इंग्रजीवाल्यांनीच स्पीशीज करून टाकलंय. अमरकोशात यक्ष, गंधर्व, किन्नर, पिशाच वगैरे मिळून दहा देवयोनी सांगितल्यात, तेव्हा एल्फ, ड्वार्फ यांच्यासाठी योनी हा एकदम अचूक शब्द आहे, पण तो टेबलावर उच्चारला की पुढची पंधरा मिनिटं खेळ होणार नाही, म्हणून वंश घ्या. आर्किटाइपला समीक्षेत आदिबंध म्हणतात, लेख लिहायचा असेल तर तोच लिहा. खेळताना मात्र ठसा पुरे, ग्रीक टायपॉसचा अर्थही ठोकून उठवलेली खूण असाच आहे. गूढ म्हातारा गुरू, गादी गमावलेला राजपुत्र, सगळं माहीत असलेला खानावळवाला, हे सगळे ठसे.

आणि रोल? हा फ्रेंच शब्द कागदाच्या गुंडाळीवरून आला, नटाची वाक्यं ज्यावर लिहून द्यायचे ती गुंडाळी. आपल्या नाटकवाल्यांकडे हिला हुबेहूब जोड आहे, नक्कल, म्हणजे नटाला त्याच्या भूमिकेपुरती उतरवून दिलेली वाक्यं, म्हणून 'नक्कल पाठ झाली का' असं विचारतात. पण या गेममध्ये नक्कल कोणी देतच नाही, वाक्यं तुमची तुम्ही जागेवर तयार करायची असतात, तेव्हा भूमिकेपेक्षाही मला सोंग आवडतो. सोंग घेतात, ते वठतं किंवा फसतं, आणि फसलं तरी लोक हसतात, एवढंच. सोंग म्हणजे ढोंगही, हे मान्य, पण इरसालला ते पथ्यावरच पडेल.

एक गोष्ट ही यादी जुळवताना लक्षात आली. इंग्रजीत बाई जादू करायला लागली की तिची विच होते आणि मराठीत चेटकीण, म्हणजे पुरुषाला मान आणि बाईला झाडू. पण मांत्रिक, पायाळू, अंकित, इरसाल, आडदांड, व्रती यातल्या एकालाही बाईसाठी बदलावं लागत नाही, 'पायाळू आला', 'पायाळू आली', क्रियापद सांभाळून घेतं. अडतं ते लढवय्या आणि वाटाड्यापाशी. वाटाडी म्हणावं का वाटाडीण? मी सध्या वाटाडी म्हणतेय, लढवय्यीला मात्र जीभ अजून तयार होत नाहीये.