एकाच चिमणीचे दोन रिपोर्ट जुळत नाहीत? आधी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) बघा

रबाळ्यात ब्रिकेटवरचा (दाबून केलेल्या इंधनाच्या कांड्यांवरचा) बॉयलर, चिमणी एकच, पण धुलिकण एका लॅबच्या रिपोर्टमध्ये घनमीटरमागे ६६ मिलिग्रॅम आणि दुसऱ्यात १३०. यातलं खोटं कोण, असं तुम्ही विचारलंय. महापेला आम्ही याच घोळात अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या मते खोटं कोणीच नाही. पहिल्या रिपोर्टच्या फोटोत सीओटू ६ टक्के दिसतोय. बॉयलरचं धुलिकणांचं मानक १२ टक्के सीओटूला धरून आहे. ६६ गुणिले १२ भागिले ६, म्हणजे १३२. दुसऱ्या लॅबने करेक्शन करून आकडा दिलेला दिसतो, तरी त्यांना विचारून खात्री करा. डक्टमधून जादा हवा शिरली की धूर पातळ होतो आणि कच्चा आकडा उगाच कमी दिसतो. हे करेक्शन त्यासाठीच असतं.

आमचा घात केला तो एका लॅबने. नाव घेत नाही. रिपोर्टवर फक्त शेवटचा आकडा, सीओटू नाही, धुराचा वेग नाही, तापमान नाही. कन्सेंट (प्रदूषण मंडळाची परवानगी) रिन्युअलच्या वेळी विचारणा झाली तेव्हा फील्ड शीट, म्हणजे मोजतानाची मूळ नोंद, मागितली, तर म्हणे सापडत नाही. अख्ख्या वर्षाचे आकडे वाया गेले, रिन्युअल रखडलं ते वेगळंच. पैसे मोजून घेतलेल्या मोजणीची मूळ नोंद ग्राहकाला मिळत नाही, याची चीड अजून जात नाही. म्हणून ऑर्डरमध्येच लिहा: फील्ड शीटची प्रत त्याच दिवशी, सहीसकट. सॅम्पलिंग चालू असताना आपला माणूस वर प्लॅटफॉर्मवर उभा हवा. नोझलमधला (नमुना ओढणाऱ्या नळीच्या तोंडातला) वेग चिमणीतल्या धुराच्या वेगाशी जुळतोय का, ते त्याने बघायचं. ओढ कमी पडली तर जड कण जास्त शिरतात आणि आकडा फुगतो.

तुमच्या हेड ऑफिसने मागितलेला कार्बनचा हिशोब (वर्षभरात किती सीओटू सोडला) मात्र या सीओटूच्या टक्क्यावरून काढू नका. तो वर्षभर जाळलेल्या इंधनावरून निघतो. जनरेटरच्या डिझेलला लिटरमागे साधारण २.७ किलो सीओटू धरा. ब्रिकेट शेतीच्या काडीकचऱ्याचे असतील तर त्यांचा सीओटू जैविक म्हणून वेगळा दाखवतात, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र नेहमीच्या बेरजेत येतात. पावसाळ्यात ब्रिकेट ओल धरतात, तेव्हा वजनकाट्याच्या पावतीसोबत ओलाव्याचा टक्काही लिहून ठेवा.

मी कन्सल्टंट नाही. तुमच्या कन्सेंटमध्ये वेगळी अट असेल तर तीच धरा.