वाचकांचे प्रश्न : तळे कोणाचे, माळ कोणाचा?

प्रश्न : सिद्धेश्वराची भक्ती आमच्या घरात पिढीजात आहे. अलीकडे सिद्धेश्वर तलावाच्या पाण्याचा विषय निघाला की काही जण निर्माल्य आणि मूर्तिविसर्जनाकडे बोट दाखवतात, तर भाविक महानगरपालिकेकडे. श्रद्धा आणि पर्यावरण यांपैकी एकाचीच निवड करावी लागेल का? आणि सामान्य नागरिकाने दाद नेमकी कोठे मागावी?
— एक वाचक, बाळीवेस, सोलापूर

उत्तर : अशी निवड करण्याची वेळ आलेली नाही. सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले शिवयोगी. हे तळे त्यांनी लोकांच्या श्रमातून उभे केले, असे परंपरा सांगते. शरणांच्या, म्हणजे बसवण्णांच्या परंपरेतील शिवभक्तांच्या, विचारात श्रमाला, म्हणजे कायकाला, पूजेइतकेच मोल होते. त्यामुळे तळ्याची निगा राखणे ही भक्तीवर बाहेरून लादलेली अट ठरत नाही, ती भक्तीतच पहिल्यापासून आहे.

सिद्धेश्वराच्या यात्रेकडे, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेकडे, जरा व्यवस्था म्हणून पाहावे. सात नंदीध्वज, त्यांचे ठरलेले मानकरी, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा आणि त्यानंतरचे होम, यांत कोणी, कोठे, कोणत्या क्रमाने काय करायचे हे वेगवेगळ्या समाजांनी आपापसांत वाटून घेतले आहे, आणि ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या पाळली जात आहे. काठाच्या आणि पाण्याच्या देखभालीची अशी वाटणी मात्र आज कोठेच दिसत नाही. देवस्थान, यात्रेतील मानकरी, गणेशोत्सव मंडळे आणि महानगरपालिका यांनी एकत्र बसून ती ठरवली, तर ते यात्रेच्या परंपरेला धरूनच होईल, असे मला मनापासून वाटते.

आता दोष कोणाचा, हा प्रश्न. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात सहज विरघळत नाही, तिच्या रंगांतील जड धातू पाण्यात आणि गाळात उतरतात, आणि कुजणारे निर्माल्य पाण्यातला प्राणवायू खाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे २०२० च्या मार्गदर्शक सूचना मातीची मूर्ती, नैसर्गिक रंग आणि विसर्जनासाठी कृत्रिम कुंड यांवर भर देतात तो याचमुळे, आणि भाविकांनी त्या पाळल्याच पाहिजेत. परंतु विसर्जन वर्षातून मोजके दिवस असते, तर एखाद्या तळ्यात सांडपाणी शिरत असेल तर ते बाराही महिने शिरते. त्यातील नत्र आणि स्फुरद यांवर शेवाळ आणि जलपर्णी पोसली जाते. कंबर तलावावर पसरलेली जलपर्णी सोलापूरकरांनी पाहिलेली आहे. ती यंत्राने काढून टाकली तरी पोषणाचा स्रोत बंद झाल्याशिवाय पुन्हा वाढते. सांडपाणी अडवणे हे भाविकाच्या हातातले काम नाही. ते स्थानिक संस्थेचेच आहे, आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत पर्यावरण संरक्षणाचा विषय नगरपालिकांच्या कामांत नमूद आहे.

दाद मागताना एक अडचण आधीच ध्यानात घ्यावी. पाणथळ जागांच्या संरक्षणासाठी केलेल्या २०१७ च्या नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी किंवा करमणुकीसाठी खास बांधलेले मानवनिर्मित जलाशय वगळले आहेत. सोलापूर जिल्ह्यातील बहुतेक तळी माणसांनीच बांधलेली. हिप्परग्याचा एकरुख तलाव ब्रिटिश काळात सिंचनासाठी बांधला गेला, आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब तेथे उतरत असले तरी केवळ पक्षी येतात म्हणून ही वगळणूक टळत नाही. मला हा नियम खटकतो, पण तो आहे. म्हणून १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचा आधार घ्यावा. जलाशय कोणी बांधला, हा प्रश्न त्यात येत नाही. प्रथम माहितीच्या अधिकारात पाण्याच्या तपासणीचे अहवाल आणि सांडपाणी वाहिन्यांचे नकाशे मागावेत. उत्तरासाठी सर्वसाधारण मुदत तीस दिवसांची आहे. त्यांच्या आधारे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करावी आणि पोच जपून ठेवावी. तरीही हालचाल झाली नाही, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. तेथे अर्जाची मुदत साधारण सहा महिन्यांची असल्याने वाट पाहण्यात वेळ दवडू नये.

प्रश्न : माळढोक अभयारण्यामुळे आमच्या भागातील शेतकऱ्यांनी अनेक वर्षे जमिनीवरील निर्बंध सोसले. पक्षी वाचवायचा भार आम्हीच का वाहावा?
— एक शेतकरी वाचक, नान्नज परिसर

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. १९७९ मध्ये जाहीर झालेल्या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर होते आणि त्यात खासगी शेते, गावे, सारेच आले. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले, यावरूनच ती आखणी किती अव्यवहार्य होती ते कळते. लोकांना न विचारता काढलेल्या अधिसूचनेने पक्ष्याविषयीही अढी निर्माण झाली.

तथापि माळढोक मुळात आपल्या शेतीच्या आधारानेच जगत आला. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. तिला गवताळ माळ लागतो आणि त्याला लागून ज्वारी, हरभरा, तूर यांसारखी जिरायती पिके चालतात. उजनीचे पाणी आले, ऊस वाढला, माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या, तसा त्याचा आसरा गेला. काळवीट आणि लांडगाही याच माळावर अवलंबून आहेत. मालदांडी ज्वारी पेरणारा आणि माळ पड ठेवणारा शेतकरी या जीवांना जागा देतो, आणि त्याबद्दल त्याला मोबदला मिळावा ही मागणी दयेची नसून हक्काची आहे.

ती मांडायला गावातच एक जागा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती बंधनकारक केली आहे. आपल्या गावाची समिती प्रत्यक्ष बसते का, लोकजैवविविधता नोंदवहीत, म्हणजे गावातील सजीवांच्या आणि त्यांविषयीच्या स्थानिक ज्ञानाच्या नोंदवहीत, गवताच्या जाती, चराईच्या जागा आणि आपली जिरायती वाणे नोंदली गेली आहेत का, हे पुढच्या ग्रामसभेत विचारावे. नोंदवही अपुरी असेल तर मेंढपाळांना आणि जुन्या जाणत्या स्त्रियांना सोबत घेऊन ती पूर्ण करून घ्यावी, मोबदल्याचा ठराव त्याच सभेत मंजूर करून घ्यावा आणि त्याची प्रत वनविभागाकडे व जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावी.